पुढल्या वर्षीचं नाटक

दिवाळी सरली की आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या हवेत कोंड्याचा वास उतरतो. लालबर्रा रोडवरच्या राईस मिल्स दिवसभर धडधडू लागतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक पिवळसर धूळ बसते. शेजारीण रोज सकाळी मिलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत साड्या झटकते. मीही पूर्वी झटकायचे. आता मी दोरीवरच्या साडीपाशी उगीच उभी राहते, तो वास घेते आणि मग दिवसभर माझं कशातच लक्ष लागत नाही.

काल दुपारी आमच्या गल्लीतून एक ऑटो गेला. टपावर दोन भोंगे बांधलेले, आणि आतला माणूस एका दमात सांगत होता, ‘आइए, आइए, भव्य मंडई मेला, शानदार मराठी नाटक, माता-बहनों के लिए बैठने की विशेष व्यवस्था!’ मराठी नाटकाची जाहिरात, आणि तीही हिंदीत. आमच्याकडे यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला एके काळी फार वाटायचं. त्या वाटण्यानं काय झालं, ते लिहायला आज बसले आहे.

पुण्यामुंबईच्या वाचकांनी मंडई म्हटल्यावर भाजीच्या पाट्या डोळ्यांपुढे आणू नयेत. आमच्या धानाच्या मुलखातली मंडई म्हणजे पीक कापून झाल्यावर गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा पाळणे, जिलबी, उकडलेले शिंगाडे, पाहुण्यांची वर्दळ, लग्नाच्या मुलामुलींची बघाबघी, आणि अंधार पडला की नाटक. आमचे वाडवडील वैनगंगेच्या खालच्या अंगानं, भंडाऱ्याकडून इकडे आले. येताना पितळी भांडी आणली, कुलदैवत आणलं आणि नाटकाचं हे खूळही आणलं. भांडी केव्हाच स्टीलची झाली, पण खूळ तेवढं पुष्कळ वर्षं टिकलं.

मी इथल्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. नोकरीला लागले तेव्हा वर्गात चाळीस मुली होत्या, निवृत्तीच्या वर्षी तीन. त्यातली एक संस्कृतच्या वर्गात जागा नव्हती म्हणून आली होती. जहागीर जितकी आक्रसते तितका जहागीरदाराचा तोरा वाढतो, तसं माझं झालं. भाजीवाली ‘क्या दूँ मैडम’ म्हणाली तरी मी ‘पावशेर वांगी द्या’ असंच ठणकावून सांगायचे. आणि घरी इंदूरच्या नातीचा फोन आला की ‘क्या खाया बेटा?’ असं विचारायचे, कारण तिला दुसरं काही कळत नव्हतं. ती मला नानी म्हणते. मी एकदाही तिला ‘आजी म्हण’ असं सांगितलं नाही. दिव्याखालचा अंधार दिव्याला कसा दिसावा!

तर आठ-नऊ वर्षांपूर्वीचा तो हंगाम. आमच्या मराठी मंडळानं ठरवलं, की यंदाच्या स्मरणिकेत मंडईत नाटकं करणाऱ्यांशी गप्पा छापायच्या. जुनी नाटकं कशी बसवता, नवी का बसवत नाही, नवं बसवायचं झालं तर अडतं कुठे, वगैरे. शिवाय लालबर्रा रोडवरच्या एका गावाच्या नाटकाला मांडव आणि माईक मंडळाकडून द्यायचे. अट एकच होती, नाटक दर्जेदार मराठी हवं. आता दर्जा कोण ठरवणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवयच होती. मी लगेच हो म्हटलं.

त्या कार्तिकातले रविवार मला अजून दिसतात. सकाळी नऊची बस, खिडकीतून येणारी कोवळी थंडी, दोन्ही बाजूंना पिवळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. कुठे धान उभं, कुठे कापून आडवं पडलेलं, कुठे पेंढ्यांचे पुंजणे रचायला सुरुवात झालेली. बसमधून उतरून मी शेतातून न जाता धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालायचे, कारण कापलेल्या धानाची बुडखं चपलेतूनही टोचतात. पिशवीत एक वही, दोन पेनं आणि गप्पा टिपून घ्यायला मुलीनं दिलेला मोबाइल. मोबाइलपेक्षा माझा वहीवर जास्त विश्वास होता. आज वाटतं, त्या दोहोंपेक्षा कानांवर ठेवला असता तर बरं झालं असतं.

गावच्या नाटकाचे दिग्दर्शक नामदेवभाऊ. पाच एकर बांधी, दोन म्हशी आणि तीस वर्षांची नाटकं असा त्यांचा संसार. राजाचं कामही तेच करायचे, कारण गावात त्यांच्याइतका उंच दुसरा कुणी नव्हता. माझ्याशी ते बोलले ते हातातला विळा खाली न ठेवता.

“नवीन नाटक काहून नाई करत, हेच विचारून राह्यल्या न तुमी?” एक मूठ कापून आडवी टाकत ते म्हणाले. “बाई, जुन्या नाटकात रडाची जागा लोकायले पाठ रायते. रानी दिवा घेऊन आली का बाया पदर काढूनच बसतेत. नवीन नाटकात लोक पह्यले एकमेकायच्या तोंडाकडं पाह्यतेत, आता रडाचं का हासाचं म्हनून. तवरिक प्रवेश निंघून जाते.”

मी हसले आणि लिहून घेतलं. रंगभूमीवरची जाडजाड पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते या माणसानं चार मुठी धान कापता कापता सांगितलं होतं. त्यांचं जुनं नाटक म्हणजे हरवलेल्या राजपुत्राचं. लहानपणी हरवलेला मुलगा, रडून रडून दृष्टी गेलेली आणि तरीही त्याच्या वाटेवर दिवा घेऊन येणारी राणी, आणि शेवटी मुलाच्या आवाजावरून तिला पटलेली ओळख. गावात ते इतक्यांदा झालं होतं की म्हशींनाही पाठ असावं.

“मग नवं कधीच करायचं नाही?” मी विचारलं.

“करू न! पन नवीन नाटकाले बी एक जुना मानूस पायजे. लोकायच्या वळखीचा. तो पुढं चालला का त्याच्या मांगं मांगं लोक जातेत.” मग विळ्याच्या टोकानं मिलच्या धुराड्याकडे दाखवत म्हणाले, “हरिदासजीले भेटल्या का तुमी? नाई? मंग तुमाले नाटक काय समजलं!”

हरिदासजी त्या गावचे प्रॉम्प्टर. पण प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआडून अडलेल्या नटाला शब्द सुचवणारा, असं समजू नका. या गावात कुणी आपली नक्कल, म्हणजे आपली वाक्यं, पाठच करत नाही. ऐन कापणीत पाठांतराला सवड कुणाला? रंगमंचाच्या पुढ्यात जमिनीत कमरेइतका खड्डा खणतात, त्यात पाट टाकून एक माणूस नाटकाची वही घेऊन बसतो. प्रत्येक वाक्य तो एका श्वासाआधी बोलतो आणि वरचा नट ते उचलून लोकांपुढे ठेवतो. राजाचं, राणीचं, शिपायाचं, सगळ्यांचं. हरिदासजी चाळीस वर्षं त्या खड्ड्यात बसत होते. गावातला प्रत्येक नट आयुष्यभर हरिदासजींचीच वाक्यं बोलला, आणि हरिदासजी लोकांना एकदाही दिसले नाहीत.

एरवी ते मिलमध्ये पोती मोजायला असत. दुपारच्या सुट्टीत मिलच्या ओट्यावर आम्ही बसलो. ते अंगानं किरकोळ होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, भुवयांवर कोंडा बसलेला. आवाज मात्र असा, की हळू बोलले तरी पलीकडच्या ओट्यावरचा माणूस वळून पाहील. शिक्षण चौथी. पण वाचन असं सरळ, की माझ्या बी.ए. झालेल्या विद्यार्थिनींना लाज वाटावी.

“तुम्ही वाचताना भाव घालता का?” मी माझ्या यादीतला प्रश्न विचारला.

“नाई बाप्पा! भाव मीच टाकला तं नटानं काय करावं? आपुन सपाट वाचावं. भात आपुन वाढावा, वरन ज्याचं त्यानं घ्यावं.”

“चाळीस वर्षं नाटकं पाहिलीत तुम्ही. सगळ्यात आवडलेलं कोणतं?”

ते मनापासून हसले. “पाह्यली कुठी, बाई? खड्ड्यातून मले तं पायच दिसतेत. नामदेव राजा कसा दिसते ते मले मालूम नाई. त्याचे पाय मालूम हायेत. वाक्य विसरला का डाव्या पायाचा आंगठा वर होते. मंग मी पुढचं वाक्य जरा जोरानं टाकतो. रानीचे पाय वेगळे. ते थरथरले का समजाचं, आता ते खरी रडून राह्यली, आता घाई नाई कराची.”

नंतर स्मरणिकेत मी हे छापलं. ‘मले पायच दिसतेत’ याचं मी ‘मला केवळ नटांच्या चरणांचे दर्शन घडते’ असं केलं. अंक हातात आला तेव्हा अध्यक्षांनी या वाक्याचं खास कौतुक केलं, आणि मी लाजले. आज ते वाक्य आठवलं की वेगळ्याच कारणानं कानशिलं तापतात.

त्याच दुपारी उठता उठता हरिदासजी म्हणाले, “या खेपेले मी वरते येनार हाय, बाई.”

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. गावातल्या प्राथमिक शाळेत प्रफुल्ल नावाचा तरुण गुरुजी होता, गावातलाच, विहाराशेजारच्या घरातला. त्यानं एक नवं नाटक लिहिलं होतं, ‘माहं कोन आयकते?’ तरुणपणी भंडाऱ्याकडून उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला आलेला एक म्हातारा. आता मुलाच्या घरी राहतो. मुलगा, सून, शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे. म्हाताऱ्याला आपल्या बोलीखेरीज दुसरं काही बोलता येत नाही, खरं तर बोलावंसं वाटत नाही. घरच्यांना त्याचं बोलणं कळत नाही असं नव्हे, पण थांबून ऐकण्याइतकं ते कुणाला महत्त्वाचं वाटत नाही. एवढंच नाटक. आणि त्या म्हाताऱ्याचं काम प्रफुल्लनं हरिदासजींसाठी लिहिलं होतं. ज्याचा आवाज गावाच्या कानात चाळीस वर्षं मुरला आहे, त्याला एकदा उजेडात आणायचं, असं त्याच्या मनात होतं.

“मग खड्ड्यात कोण बसणार?” मी विचारलं.

“बसंल कोनी बी. पन माह्यासाठी नोको.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुपित सांगावं तसं सांगितलं, “म्या पाठ करून टाकलं. पुरंच्या पुरं.”

ज्या गावात कुणी ओळ पाठ करत नाही तिथे, साठी ओलांडलेल्या त्या माणसानं तीन अंक पाठ केले होते. पोती मोजता मोजता. मी ‘अरे वा’ असं काहीतरी म्हटलं. त्यात माझं जायचं तरी काय होतं!

मग ते जरा घुटमळले. “एक विचारू का, बाई? माहे पाय वरतं कसे दिसतील? लय फाटले हायेत.”

मी खाली पाहिलं. धानाच्या चिखलात आयुष्य गेलेले पाय, टाचांना बोट शिरेल अशा भेगा. चाळीस वर्षं ज्यानं नाटक पायांवरून ओळखलं त्याला स्वतःच्या पायांची धास्ती वाटत होती. त्या क्षणी काही चांगलं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “मोजे घाला.”

प्रफुल्लनं वही मला वाचायला दिली. चार दिवसांनी विहाराच्या ओट्यावर बसून निर्णय घ्यायचा होता. मी घरी वही उघडली आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. सून हिंदीत बोलत होती. तिच्यामागोमाग मुलगा हिंदीत बोलत होता. मी पेन्सिल घेतली आणि हिंदी वाक्याखाली रेघ ओढली, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. बत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या हाताला चूक दिसली की थांबता येत नाही. काही पानांवर रेघांखेरीज काही दिसेनासं झालं. दर्जेदार मराठी नाटक म्हणे! मंडळाच्या फलकाखाली अर्धं नाटक हिंदीत होणार, आणि पुढच्या रांगेत अध्यक्ष बसलेले. मला आधीच घाम फुटला.

ओट्यावर आम्ही चौघं होतो. ऊन कलतं झालं होतं, समोरच्या खळ्यात बाया धान वारवत होत्या आणि भुसा उडून आमच्या चहात पडत होता. नामदेवभाऊ पाय पसरून बसले होते, प्रफुल्ल ताठ, आणि हरिदासजी खांबाला टेकून, धुतलेला सदरा घालून. तो सदरा मला तेव्हाही दिसला होता.

मी वही पुढे केली. प्रफुल्लनं पानं उलटली, रेघा पाहिल्या. मग शांतपणे म्हणाला, “बाई, त्या घरात सारे हिंदीच बोलतेत. त्यायले मराठी बोलाले लावलं, तं मंग म्हाताऱ्याचं दुखनं काय राह्यलं?”

ज्याला उत्तर नसतं तो आवाज चढवतो, तसा मी चढवला. मंडळाची परंपरा, भाषेची गळचेपी, आपणच आपल्या भाषेच्या मांडवात परकी भाषा आणणं, असं सगळं बोलून झालं. शेवटी आवाज मऊ करून मी ते वाक्य म्हटलं, “कल्पना चांगली आहे. हिंदी काढून पुन्हा लिही. यंदा राजपुत्राचं करा, हे पुढल्या वर्षी बघू.”

पुढल्या वर्षी. नापास होणाऱ्या मुलींना मी हेच सांगत आले. शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार सोपं असतं, कारण पुढल्या वर्षी त्याच्यासमोर दुसरी मुलं येतात. शेतकऱ्यालाही पुढल्या वर्षावर विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर बियाणं कोण राखून ठेवील? माझं बोलणं म्हणूनच कुणाला तोडून टाकल्यासारखं वाटलं नसावं. नामदेवभाऊ म्हणाले, “पाहू मंग.” प्रफुल्लनं वही शबनममध्ये घातली. मी हरिदासजींकडे पाहायचं टाळत होते. तेच म्हणाले, “हौ बाई. बरोबर हाये तुमचं. पुढल्या वर्षी करू. आपुन कुठी चाललो?”

आणि उठून, सदऱ्याला लागलेला भुसा झटकत, ते राजपुत्राच्या नाटकाची जुनी वही शोधायला गेले.

नाटक झालं. झोकात झालं, असंच म्हणायला हवं. मंडळाचा मांडव, मंडळाचे माईक, सगळं शुद्ध मराठीत. मी पुढच्या रांगेत शाल पांघरून बसले होते, खड्ड्यापासून चार हातांवर. इतक्या जवळ मी कधीच बसले नव्हते. राजा बोलायच्या आधी राजाचं वाक्य मला खालून ऐकू यायचं, राणी बोलायच्या आधी राणीचं. सपाट, एका सुरात, न थकता. थोड्या वेळानं माझी नजर वर ठरेना. राणीनं दिवा आणला, बायकांनी पदर काढले, माझ्या शेजारी अध्यक्षसुद्धा नाक ओढू लागले. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, राणीसाठी. मीही स्वतःला तसंच सांगितलं.

पुढल्या वर्षी प्रफुल्लची बदली परसवाड्याला झाली आणि तिथून आणखी लांब. त्याच्या पुढल्या वर्षी नामदेवभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग ते साथीचं दुखणं आलं आणि मंडईच भरली नाही. पुन्हा भरली तेव्हा गावानं बाहेरची कंपनी बोलावली. तिचे नट गालाला माईक चिकटवून, सगळं पाठ करून येतात. खड्डा खणायचं कामच उरलं नाही. मी दर कार्तिकात म्हणायचे, एकदा जाऊन हरिदासजींना भेटायला हवं, प्रफुल्लचा पत्ता काढायला हवा, मंडळात विषय काढायला हवा. म्हणायचे, आणि पापड वाळत घालायचे. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो आणि सवड कधीच नसते.

मग या आश्विनात नामदेवभाऊंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाले, “हरिदासजी गेले न, बाई. बैलायचा पोया झाला अन् चार दिवसानं. मले वाटलं तुमाले मालूम असंल.”

बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. जिवंतपणी आठ वर्षं गेले नाही ती मी, माणूस गेल्यावर महिन्या-दीड महिन्यानं त्या गावी गेले. बस तीच, धुरे तेच. बांध्यांमध्ये आता मोठं यंत्र फिरतं आणि चार दिवसांचं धान दोन तासांत कापून मोकळं होतं. पण कापल्या धानाचा वास तसाच आहे, यंत्राला तो बदलता आलेला नाही.

घरी सून एकटी होती. ममता तिचं नाव, माहेर सतनाकडचं. हरिदासजींचा मुलगा मिलवर गेलेला. अंगणात चटईवर धान पसरलं होतं आणि ती पायानं ते चाळवत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं खुर्ची दिली, कोरा चहा केला आणि समोर उंबऱ्यावर बसून पुन्हा पायानं धान चाळवू लागली. हिंदीतच बोलत होती, स्वच्छ, मोकळी. बाबूजींचं दुखणं, डॉक्टर, शेवटचे दिवस. मग म्हणाली, “दीदी, आप मराठी की टीचर थीं ना? एक बात पूछूँ?”

“विचार,” म्हटलं. मग सुधारून, “पूछो बेटा.”

तिनं सांगितलं, की शेवटची तीन-चार वर्षं बाबूजी रोज संध्याकाळी अंगणात या खुर्चीवर बसायचे आणि एकटेच बोलायचे. बराच वेळ, न थांबता. मध्येच स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून थेट तिला उद्देशून बोलायचे. आवाज असा करडा आणि सपाट, की तिला वाटायचं, आपल्याला रागे भरताहेत. एरवी ते तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. म्हातारपणी माणसाचं होतं असं, म्हणून ती भाकरी थापत राहायची. “सोचती थी, जवाब दूँगी तो और बोलेंगे.” रोज ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. शब्द अर्धेच कळायचे. “सच बताइए दीदी, मुझे कोसते थे क्या?”

“काय म्हणायचे?” मी विचारलं.

तिनं धानाकडे पाहत म्हणायला सुरुवात केली. तिच्या तोंडी ते उच्चार परके होते, पण थांबण्याच्या जागा अचूक त्यांच्या होत्या.

“सूनबाई, मी तुले लुगडं नाई मांगत, गोडधोड नाई मांगत. हातातलं काम ठेव, अन् घडीभर येथं येऊन बस. मी सांगतो, तू आयक. समजलं नाई तरी चालंल. नुसती मान हालवली तरी मले पुरते.”

सपाट, एका सुरात. प्रफुल्लच्या वहीतल्या म्हाताऱ्याचंच ते बोलणं होतं. भाव त्यांनी टाकला नव्हता. चाळीस वर्षांची सवय. भात त्यांनी वाढला होता, आणि वरण घ्यायला समोर कुणी नव्हतं.

मी तिला एकेक वाक्य हिंदीत सांगितलं. ज्या हातानं वहीतल्या हिंदीखाली रेघा ओढल्या तोच हात हलवत, समजावून, सगळं हिंदीत. ती ऐकत राहिली. तिच्या पायाखालचं धान हलायचं थांबलं. मग तिचा चेहरा असा झाला की मला राहवेना, आणि मी घाईघाईनं म्हटलं, “अरे बेटा, ये तो नाटक का है. एक नाटक में उनको बूढ़े का काम करना था, उसी की लाइन है ये. तुमसे थोड़े ही कह रहे थे.”

“नाटक?” तिनं डोळे पुसले. “कौन सा नाटक? हुआ था यहाँ?”

“नहीं. हो नहीं पाया.”

‘मी होऊ दिलं नाही’ हे हिंदीत कसं म्हणतात ते मला येतं. मी म्हटलं नाही.

ती खुर्चीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहत राहिली. मग तिनं विचारलं, “फिर नाटक में वो बहू बैठती है क्या, दीदी? आखिर में?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या अंकापर्यंत रेघा ओढून माझा निर्णय झाला होता. तिसरा अंक मी वाचलाच नव्हता.